ब्रेक्झिट : नको म्हणायला एक दिवस, खरं निघायला साडेचार वर्षं का लागली?

मागवाला_वडगाव
नमस्कार मंडळी. काल रात्री आमच्या गल्लीच्या कट्ट्यावर विषय पॉवरलूमच्या वीजबिलावरून सुरू झाला आणि इंग्लंडला जाऊन पोचला, कसा ते विचारू नका. आमच्यातला एकजण म्हणाला, "त्या इंग्लंडवाल्यांचं बरं हाय बघ, एक दिवस मत टाकलं, नको म्हणाले, सुटले. आपलं बघा, १९५६ पासून चाललंय."

आता मी काय अभ्यासू माणूस नव्हे, खरं मला एवढं आठवायलंय की युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं ह्यावर मतदान झालं २३ जून २०१६ ला आणि बाहेर पडले ३१ जानेवारी २०२० ला. त्यातपण डिसेंबरअखेरपर्यंत जुनेच नियम चालू. म्हणजे साडेचार वर्षं. मधे पंतप्रधान कॅमेरून गेले, त्यांच्या जागी आलेल्या थेरेसा मे गेल्या, दोनदा निवडणूक झाली. ह्याला सुटले म्हणायचं काय?

माझा प्रश्न एवढाच, की एखादा देश असा संघातून बाहेर पडतो तेव्हा नेमकं अडतं कुठं? पैशात, कायद्यात की माणसांत? जाणकारांनी सांगा. आणि एक विनंती, आपल्या बेळगावच्या सीमाप्रश्नाशी तुलना खुशाल करा खरं भांडू नका, मागच्या वेळचा धागा त्यामुळंच लॉक झालता.

मांडे_आणि_तूप
वीजबिलावरून डायरेक्ट इंग्लंड? चहा कुणी पाजलाता ते आधी सांगा.

कोर्टगल्ली
चांगला प्रश्न आहे. बातम्यांत फक्त गोंधळ दिसला, म्हणून कायद्याच्या अंगानं थोडं लिहितो.

युरोपियन युनियनच्या करारात बाहेर पडायची सोय आहे, कलम ५०. लिस्बन करारानं ते आणलं, २००९ पासून लागू. कलम अगदी छोटं. नोटीस द्या, दोन वर्षांत वाटाघाटी करा, ठरलं तर ठरलं, नाही ठरलं तर दोन वर्षांनी आपोआप बाहेर. म्हणजे नोटीस दिली की घड्याळ सुरू, आणि मुदत वाढवून पाहिजे असेल तर उरलेल्या २७ च्या २७ देशांनी हो म्हणायला पाहिजे. भाडेकरूनंच "मी खोली सोडतो" म्हणून लिहून द्यायचं आणि मग घरमालकाशी डिपॉझिटची घासाघीस करायची, कुणाचा हात वर राहणार?

आणि मे बाईंनी ती नोटीस २९ मार्च २०१७ ला दिली कधी? तर आपल्याला नेमकं काय पाहिजे हे स्वतःच्या मंत्रिमंडळातसुद्धा ठरायच्या आधी. त्याच्याही आधी कोर्टात जाऊन आले होते, कारण संसदेला न विचारता सरकार परस्पर नोटीस देऊ शकतं का, हाच वाद. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१७ मध्ये सांगितलं, नाही, आधी संसदेत कायदा करा. जनतेचा कौल झाला म्हणून संसद बाजूला होत नाही, हा पहिला धडा त्यांना तिथंच मिळाला.

रेडिंग_रिटर्न
मी २०१४ ते २०१९ तिकडे होतो, आयटीत, कंपनीच्या व्हिसावर. आता परत बेळगावात आहे, टिळकवाडीत. एक गंमत सांगतो जी इथं फार जणांना माहीत नसते. त्या मतदानात मी मत दिलंय.

हो, भारतीय पासपोर्टवर. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक यूकेत कायदेशीर राहत असेल तर त्याला मत होतं. घरी पोस्टानं कार्ड आलं, मला आधी वाटलं चुकून आलंय. आणि माझ्या शेजारच्या डेस्कवरचा पोलिश सहकारी २००५ पासून तिथं राहणारा, टॅक्स भरणारा, पोरगी तिथल्याच शाळेत, त्याला मत नव्हतं. युरोपियन लोकांपैकी फक्त आयरिश, माल्टा आणि सायप्रसवाल्यांना होतं. म्हणजे ज्याचं सगळं आयुष्य त्या निकालावर टांगलेलं तो घरी बसला आणि दोन वर्षांपूर्वी विमानातून उतरलेला मी शाळेत जाऊन पेन्सिलीनं फुली मारून आलो.

मांडे_आणि_तूप
@रेडिंग_रिटर्न फुली कुठं मारली ते पण सांगा की आता, एवढं सांगितलासा तर.

रेडिंग_रिटर्न
बरं. लीव्हला, म्हणजे बाहेर पडा म्हणणाऱ्या बाजूला मारली.

मांडे_आणि_तूप
आत्ता!!

रेडिंग_रिटर्न
आधी ऐकून घ्या. आमच्या सगळ्या देशी ग्रुपवर एकच हिशेब फिरत होता, की युरोपवाल्यांना बॅग उचलून यायला फुकट रस्ता आणि आपल्याला फी, मुलाखत, पगाराची अट. ते बंद झालं तर आपली लाइन पुढं सरकेल. लीव्हवाले पण एशियन लोकांत जाऊन हेच सांगत होते. मतदानानंतर दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो तर तो पोलिश भिडू गप्प बसलेला, चहा पण नको म्हणाला. मी त्याला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

निपाणीकर_पाटील
भावा वाईट वाटून घेऊ नगोस. लाइन पुढं सरकली का नाही ते सांग.

रेडिंग_रिटर्न
सरकली ना, हेच तर. २०२१ पासून व्हिसासाठी पॉइंटची नवी पद्धत आली आणि युरोपातून येणारे कमी झाले, भारत-नायजेरियातून येणारे एवढे वाढले की स्थलांतराचा आकडा आधीच्यापेक्षा बराच वर गेला. बाहेरचे लोक कमी व्हावेत म्हणून ज्या गोऱ्या म्हाताऱ्यांनी लीव्हला मत दिलं त्यांनी आणि मी, दोघांनी एकाच चौकोनात फुली मारली आणि दोघांना पाहिजे होतं उलटं.

येळ्ळूरचे_आजोबा
वरचे प्रतिसाद वाचले. माझं वय ७८. इंग्रजीतलं फार वाचत नाही, पण या विषयातला मूळ मुद्दा आम्हा सीमावासीयांना जेवढा कळेल तेवढा लंडनमधल्या माणसालाही कळणार नाही, म्हणून लिहितो.

मत कुणाचं मोजायचं हा प्रश्न नंतरचा. आधी प्रश्न असा, की घटक कोणता? आम्ही तरुणपणी सभांमधून चार गोष्टी घोकत होतो : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. आंध्र-मद्रास सीमेसाठी पाटसकरांनी लावलेलं हे सूत्र, तेच आम्हाला लावा एवढीच मागणी. खेडं धरलं तर उत्तर एक येतं, तालुका धरला तर दुसरं आणि जिल्हा धरला तर तिसरं. माणसं तीच, भाषा तीच. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला. निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हणाला आणि बेळगाव शहर मात्र कर्नाटकाकडेच ठेवलं. महाराष्ट्रानं तो फेटाळला. २००४ पासून प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे. असो.

आता तिकडचं बघा. एकूण मोजले तर लीव्ह ५१.९ टक्के. पण स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के लोक राहू म्हणाले, तिथल्या ३२ च्या ३२ कौन्सिल भागांत राहू म्हणणारेच जास्त. उत्तर आयर्लंडमध्ये जवळजवळ ५६ टक्के राहू म्हणाले. स्कॉटलंडचं म्हणणं होतं की आम्ही राष्ट्र आहोत, चारही राष्ट्रांचं मत वेगळं मोजा. लंडनचं म्हणणं, घटक एकच, युनायटेड किंगडम. झालं. निकाल मतपेटीत नव्हता, घटक ठरवला तिथंच होता. मला २०१६ साली नातवानं टीव्हीवर तो पिवळा-निळा नकाशा दाखवला तेव्हा आमच्या सभेतला फळा आठवला.

दोन्हीकडचा
आजोबा, नमस्कार. तुमचा मुद्दा पटला, पण खेड्याच्या खाली आणखी एक घटक आहे, घर. माझी आई गोकाकची, वडील अनगोळचे. घरात आई कन्नडमधून रागावते आणि बाबा मराठीतून समजूत काढतात. आमच्या घराची मोजणी कशी करणार? स्वयंपाकघर तिकडे आणि पडवी इकडे?

येळ्ळूरचे_आजोबा
@दोन्हीकडचा, बाळ, माझी धाकटी सूनही बैलहोंगलची आहे. तिच्या हातची कडक भाकरी खाऊनच सभेला जात होतो. सूत्रात ह्याला उत्तर नव्हतं हे कबूल करतो.

मांडे_आणि_तूप
स्वयंपाकघर ज्याच्याकडं त्याचंच राज्य, बाकी लोकेच्छा.

शिनोळी_चेकपोस्ट
मी चंदगड तालुक्यातला, बॉर्डरला लागून. आमचा तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता, पुनर्रचनेत जिल्हा तिकडं गेला आणि आम्ही इकडं राहिलो. अजून बाजार बेळगावला, दवाखाना बेळगावला, पोरीबाळी अर्ध्या तिकडं दिलेल्या. सांगायचं कारण हे की मला ब्रेक्झिटमधलं दुसरं काय कळलं नाही खरं आयर्लंडचं लगेच कळलं.

उत्तर आयर्लंड यूकेत आणि खालचा आयर्लंड वेगळा देश, युनियनमध्ये. मधे सुमारे ५०० किलोमीटरची हद्द, २०० च्या वर रस्ते ती ओलांडतात. पूर्वी तिथं लष्कराचे टॉवर, झडत्या. सुमारे साडेतीन हजार माणसं मेली, यूकेत राहायचं की आयर्लंडला मिळायचं ह्या तीस वर्षांच्या भांडणात. मग १९९८ ला गुड फ्रायडे करार झाला आणि हळूहळू सगळं उठलं. आता म्हणे मैलाच्या पाट्या जाऊन किलोमीटरच्या लागल्या की कळतं देश बदलला. आमच्यातपण तसंच की, पाटीवरचं कन्नड जाऊन मराठी आलं की कळतं, नाहीतर रस्त्याच्या खड्ड्यांवरून.

आता यूके बाहेर पडलं तर युनियनची हद्द कुठं? तिथंच, त्या शेतातनं. मग माल तपासायला नाका पाहिजे. नाका घातला तर जुनं भांडण उठणार. नाही घातला तर मागच्या दारानं सगळा माल आत. ह्या एका प्रश्नावर गाडी अडलीती. आपल्याकडं १ जुलै २०१७ ला जीएसटी आलं आणि सेल्सटॅक्सचे नाके उठले बघा, आणि तिकडं वाटाघाटी सुरू झाल्या १९ जून २०१७ ला. महिन्याभराच्या आतच आमच्या दारातला नाका गेला आणि त्यांच्यात नाका कुठं घालायचा म्हणून चर्चा सुरू झाली.

निपाणीकर_पाटील
नाका उठला म्हणू नगा. २०२१ ला कोगनोळीला कर्नाटकानं आरटीपीसीआर मागायला सुरुवात केली तवा आठवतंय का? आमचा चुलता कागलला शेतात रोज जाऊन यून करायचा, त्येला बॉर्डरवर थांबिवला, रिपोर्ट दाखव म्हणे. शेण काढायला निगालेला माणूस, रिपोर्ट कुठला आणणार. शेवटाला ओढ्यातनं, आडवाटेनं. तवा मला कळलं बॉर्डर म्हंजी काय, ती मेलेली नसती, झोपलेली असती.

खानापूरची_माहेरवाशीण
निपाणीकर दादा, शेवटचं वाक्य काळजाला लागलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये बसेस बंद झाल्या तेव्हा मी कोल्हापूरहून येत होते, गाडी हद्दीजवळ थांबवली आणि लेकराला कडेवर घेऊन चालत आले, पलीकडून दुसरी गाडी. तेवढ्यात एका कन्नड आजीनं माझी पिशवी घेतली, भाषा कळेना तरी "बा बा" म्हणत पुढं चालली होती.

विषयांतर झालं, सॉरी. पण अजून एक विषयांतर करते, ह्याच विषयातलं आहे. सार्वमत म्हटलं की सगळे इंग्लंडकडं बघतात, आपल्या शेजारी गोव्यात झालंय की! १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. फूल म्हणजे विलीनीकरण आणि दोन पानं म्हणजे वेगळं राहायचं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. माझे आजोबा म्हापशाला दुकानात होते तेव्हा, घरात एक भाऊ फुलाचा आणि एक पानांचा, महिनाभर एका पंगतीला बसले नाहीत म्हणे.

आणि कॅमेरूनच्या उलटं काय झालं ते बघा. भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणाच्या बाजूचे, पण मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून त्यांच्या सरकारनं आधीच राजीनामा दिला. सार्वमत हरले. आणि लगेच मार्चमधल्या निवडणुकीत त्यांचाच पक्ष जिंकला, तेच परत मुख्यमंत्री! लोकांनी सांगितलं, तुमचं हे ऐकत नाही पण तुम्ही राहा. कॅमेरूननं स्वतः मतदान लावलं, हरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभा राहून जातो म्हणाला. निस्तरायला दुसरेच.

कोर्टगल्ली
ताई, उत्तम आठवण. पण एक मोठा फरक आहे. गोव्यातला पर्याय क्रमांक दोन म्हणजे "आहे तसं राहणं", आणि पर्याय एक म्हणजे ठरलेल्या एका राज्यात जाणं. दोन्हींचा अर्थ लोकांना माहीत. ब्रेक्झिटमध्ये "राहू" चा अर्थ एक आणि "जाऊ" चे अर्थ पन्नास. नॉर्वेसारखं जायचं, म्हणजे बाजारात राहून? कॅनडासारखा नुसता व्यापार करार? कस्टम्स युनियन, म्हणजे आपसात जकात नाही आणि बाहेरच्या मालाला सगळ्यांची एकच जकात, ती ठेवायची? की काहीच न ठरवता उडी? लीव्हवाल्या एक कोटी ७४ लाख लोकांना हे कुणी विचारलंच नव्हतं. २७ मार्च २०१९ ला संसदेत आठ पर्याय मतदानाला ठेवले, आठही पडले. १ एप्रिलला चार ठेवले, चारही पडले.

मागवाला_वडगाव
म्हणजे लग्नात जेवण काय करायचं विचारल्यासारखं. पुरणपोळी नको, श्रीखंड नको, जिलेबी नको, खरं जेवण पाहिजेच.

कोर्टगल्ली
अगदी. आणि मे बाईंनी २०१७ मध्ये स्वतःहून निवडणूक घेऊन बहुमत घालवलं, ही तर स्वतःच्या पायावर धोंडा. मग सरकार टिकवायला उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाचे १० खासदार घेतले. आता बघा, अडचण कुठली तर उत्तर आयर्लंडच्या हद्दीची, आणि सरकारचा प्राण कुणाच्या हातात तर तिथल्याच कट्टर यूकेवादी पक्षाच्या. मे बाईंनी तोडगा आणला की दुसरं काही ठरेपर्यंत सगळं यूके युनियनच्या कस्टम्सला धरून राहील, म्हणजे नाका नको. डीयूपी म्हणाले आम्हाला बाकीच्या यूकेपेक्षा काही नियम वेगळे लागतात, नको. त्यांच्याच पक्षातले म्हणाले ह्याला काय बाहेर पडणं म्हणतात होय. जानेवारी २०१९ मध्ये ठराव ४३२ विरुद्ध २०२ नं आपटला. २३० मतांनी सरकारचा पराभव! परत आणला, १४९ नं पडला. तिसऱ्यांदा आणायला गेले तर सभापती म्हणाले, तोच ठराव पुन्हा पुन्हा आणता येत नाही, १६०४ सालचा दाखला आहे.

मांडे_आणि_तूप
१६०४!! आमच्यात २०१४ चा उतारा मागितला तर सापडत नाही म्हणतात.

शिनोळी_चेकपोस्ट
मग शेवटी नाका कुठं घातला ते सांगतो, कारण तीच खरी गंमत. बोरिस जॉन्सन आले, त्यांनी नाका उचलला आणि समुद्रात टाकला. म्हणजे उत्तर आयर्लंड मालाच्या बाबतीत युनियनच्या नियमांत राहणार आणि तपासणी ब्रिटनमधून तिकडं बोटीनं येणाऱ्या मालाची. एकाच देशातल्या दोन भागांच्या मधे नाका. आणि वर समुद्रात बॉर्डर होणार नाही म्हणून सांगत पण होते.

मांडे_आणि_तूप
म्हणजे आपल्यात हद्दीवरच्या दूधगंगेत नाका नको म्हणून बेळगाव आणि हुबळीच्या मधे नाका घातल्यासारखं.

शिनोळी_चेकपोस्ट
बरोब्बर! मग २०२१ ला सॉसेजवरून भांडण. ब्रिटनचं थंड मांस, कच्चे सॉसेज वगैरे, युनियनच्या नियमात बसत नाही, सबब उत्तर आयर्लंडच्या दुकानात जाऊ शकत नाही. पेपरवाले सॉसेज वॉर म्हणाले. उद्या शहापूरचा कुंदा कोल्हापूरला न्यायला आरोग्य दाखला मागितला तर?

निपाणीकर_पाटील
कुंद्यावर आलं तर आम्ही गप बसनार न्हाई. सांगून ठिवतो.

उद्यमबाग_मशीनशॉप
सगळे संसदेचं सांगायलात, मी शॉपफ्लोअरचं सांगतो. आमचं छोटं युनिट आहे, हायड्रॉलिकचे पार्ट करतो, एक युरोपियन गिऱ्हाईक. आधी एकच कंटेनर रॉटरडॅमला जायचा आणि तिथल्या गोडाऊनमधून थोडा माल जर्मनीला, थोडा इंग्लंडला. एकदा ड्युटी भरली की विषय संपला.

१ जानेवारी २०२१ पासून इंग्लंड बाहेर. करारात लिहिलंय टॅरिफ शून्य, पेपरात वाचून आम्ही खूश. मग गिऱ्हाईकाचा फोन, की शून्य फक्त युरोपात किंवा यूकेत बनलेल्या मालाला. तुमचा माल बेळगावात बनलेला, रॉटरडॅमहून इंग्लंडला गेला तर परत ड्युटी. मग कंटेनर दोन, कागद दोन, फ्रेट वाढलं. त्यात मालावर यूकेचं नवीन मार्किंग येणार, युरोपचा सीई शिक्का चालणार नाही, त्यांचा यूकेसीए करा. आम्ही कोटेशन काढली, कन्सल्टंटला पैसे दिले, तोवर मुदत पुढं ढकलली. परत ढकलली. २०२३ मध्ये सांगितलं, बऱ्याच मालाला सीई चालेल की, काढूच नका. कन्सल्टंटचे पैसे गेले ते गेले. मालक अजून "ब्रेक्झिट" शब्द निघाला की शिवी घालतो, कन्नडमधून.

सडेतोड_सदाशिव
तुम्ही सगळे एकतर्फी लिहीत आहात. त्यांनी खर्च किती येईल ते बघून मत दिलेलं नाही. आपले कायदे आपल्या संसदेनं करावेत, ब्रसेल्समधल्या युनियनच्या साहेबांनी नव्हे, ही भावना होती आणि ती मला योग्य वाटते. सीमाभागातल्या माणसानं तर ह्यावर हसू नये. आपणही "बेळगावात बेकारी वाढेल का, रस्ते कुठले चांगले" असा हिशेब करून महाराष्ट्रात जायचं म्हणालो नव्हतो. भाकरीचा हिशेब आणि मानाचा हिशेब वेगळा. आणि फायदा काहीच नाही असंही नाही, जुलै २०२५ मध्ये भारत आणि यूकेनं व्यापार करारावर सह्या केल्या, युनियनमध्ये असते तर त्यांना असा वेगळा करार करता आला असता का?

उद्यमबाग_मशीनशॉप
@सडेतोड_सदाशिव करार चांगला आहे, त्याबद्दल दुमत नाही, आमचाही फायदा होईल. मी फक्त माझ्या कंटेनरचं सांगितलं.

कोर्टगल्ली
सदाशिवराव, मानाचा मुद्दा मान्य. पण "आपली संसद" म्हणताना कुणाची? स्कॉटलंडचं सरकार म्हणालं आम्हाला परत सार्वमत घेऊ द्या, वेगळं व्हायचं आणि युनियनमध्ये परत जायचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की लंडनच्या परवानगीशिवाय स्कॉटिश संसदेला तसा कायदा करता येणार नाही. म्हणजे यूकेला युनियनमधून निघायला कलम ५० चा दरवाजा होता, स्कॉटलंडला यूकेतून निघायला असा लिहून ठेवलेला दरवाजाच नाही.

आपलं तर आणखी वेगळं. घटनेच्या कलम ३ नुसार राज्यांच्या सीमा बदलणं संसदेच्या हातात, तेही साध्या बहुमतानं. विधेयक संबंधित राज्याच्या विधानसभेकडं मत मागायला पाठवायचं, पण ते मत बंधनकारक नाही. बेळगावकरांचं मत घ्यावं असं कुठंच लिहिलेलं नाही. म्हणून ब्रेक्झिटशी थेट तुलना कायद्यात बसत नाही. कट्ट्यावर बसते.

सडेतोड_सदाशिव
कायद्यात बसत नाही म्हणून तर जवळजवळ सत्तर वर्षं आम्ही रस्त्यावर. तुमच्या सुवर्ण विधानसौधाकडं, कर्नाटकानं बेळगावात बांधलेल्या त्या विधानभवनाकडं, जरा बघून मग लिहा

निपाणीकर_पाटील
"तुमच्या"? वकीलसाहेब बेळगावचेच हायत की वो.

ॲडमिन
सदाशिवराव, पुढचे दोन प्रतिसाद उडवलेत. ब्रेक्झिटवर बोला, एकमेकांवर नको. ही पहिली आणि शेवटची सूचना.

मांडे_आणि_तूप
ॲडमिन म्हणजे आपले सभापती. ऑर्डर, ऑर्डर.

दोन्हीकडचा
भांडण शांत झालं असेल तर मला आवडलेली एक गोष्ट. त्या १९९८ च्या करारात असं लिहिलंय की उत्तर आयर्लंडमधल्या माणसानं स्वतःला ब्रिटिश म्हणावं, आयरिश म्हणावं किंवा दोन्ही म्हणावं, त्याची मर्जी, आणि पासपोर्टही तसे दोन्ही काढता येतात. ब्रेक्झिटनं नेमका ह्या "किंवा दोन्ही" ला धक्का लावला. दोन्ही देश एकाच युनियनमध्ये होते तोवर दोन्ही म्हणणं स्वस्त होतं. आमच्या आईला जनगणनेवाला मातृभाषा विचारतो तेव्हा ती कन्नड सांगते आणि माझी विचारली की बाबांकडं बघते.

खानापूरची_माहेरवाशीण
"दोन्ही" वरून आठवलं, गोव्यातले पोर्तुगीज पासपोर्टवाले! १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पोरा-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. पोर्तुगाल युनियनमध्ये, म्हणून तो पासपोर्ट काढून लोक गेले कुठं, तर इंग्लंडला, स्विंडनला. लिस्बन बघितलेलंसुद्धा नाही बऱ्याच जणांनी. माझ्या मावसबहिणीचा नवरा तसाच गेला, गोडाऊनमध्ये कामाला. आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणजे भारताचा पासपोर्ट परत करायचा. तो दिला. आणि नंतर इंग्लंडच युनियनमधून निघून गेलं!

जे २०२० संपायच्या आत तिथं पोचले त्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून राहता आलं. त्याचा झाला अर्ज. पण त्याच्या भावानं पासपोर्टला इतका खर्च करून, कागद हातात पडले २०२१ मध्ये, तेव्हा व्हिसा लागणार म्हणाले. आता तो कागदावर पोर्तुगीज, राहतो म्हापशाला, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर. आणि स्विंडननंसुद्धा लीव्हलाच मत दिलं होतं म्हणे. वर कोणीतरी फुली मारली म्हणाले ना (रागावले नाही हं रेडिंगदादा, सहज).

रेडिंग_रिटर्न
ताई, रागवा. चालेल.

येळ्ळूरचे_आजोबा
मागवाल्यांच्या मूळ प्रश्नावर कुणीच परत आलेलं नाही, पैशात, कायद्यात की माणसांत. पैशाचं त्यांचं भांडण झालं, ३९ अब्ज पौंडांचं देणं निघालं, ते शेवटी हप्त्यांनी फिटतं. कायद्याचं भांडण कोर्ट सोडवतं. हद्द कुठून काढायची हे मात्र कुणालाच सुटलं नाही, ती इकडून उचलली की तिकडे पडते. माझा जन्म झाला त्या सुमारास बेळगाव इंग्रजांचं आणि शहापूर सांगली संस्थानचं होतं. आई शहापूरला कापड घ्यायला जायची म्हणजे कागदोपत्री दुसऱ्या राज्यात जायची. १९४८ ला ती हद्द गेली. आज शहापुरातल्या पोरांना विचारा कुठून जात होती, एकालाही सांगता येणार नाही. पण ती गेल्यावर आठ वर्षांत दुसरी आली.

शिनोळी_चेकपोस्ट
आजोबा, तिकडचीपण अजून फिरायलीच आहे. समुद्रातल्या नाक्यावर रागावून डीयूपीनं फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्तर आयर्लंडचं सरकारच सोडलं, दोन वर्षं कारभार ठप्प. २०२३ मध्ये विंडसर फ्रेमवर्क म्हणून नवीन तोडगा, तिथंच राहणारा माल हिरव्या लेननं, पुढं आयर्लंडला जाणारा लाल लेननं. फेब्रुवारी २०२४ ला सरकार परत आलं आणि पहिल्यांदाच संयुक्त आयर्लंड पाहिजे म्हणणाऱ्या पक्षाची बाई फर्स्ट मिनिस्टर झाली. यूके एकजूट राहावी म्हणून कट्टर राहिले ते बसले बघत.

मागवाला_वडगाव
मंडळी, आभार. आज कट्ट्यावर ह्यातलं जमेल तेवढं सांगितलं. "सुटले" म्हणणारा भिडू सगळं ऐकून घेतला आणि म्हणाला, "म्हंजी त्यांनी जायचं का हे विचारलं आणि कसं जायचं हे विचारायचं राहिलं. आमच्यात बायको माहेरी जाते म्हणाली तरी कुठल्या गाडीनं, हे मी आधी विचारतो." मग परत वीजबिल.

@रेडिंग_रिटर्न एकच राहिलं. त्या पोलिश मित्राचं पुढं काय झालं?

रेडिंग_रिटर्न
त्याला सेटल्ड स्टेटस, म्हणजे तिथं कायम राहायचा हक्क मिळाला, मी निघायच्या आधीच. नंतर नागरिकत्व पण घेतलं. २०२४ च्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं म्हणून फोटो पाठवला होता, मतदान केंद्राच्या पाटीजवळ पोरीबरोबर उभा. माझं मत आता इथं, टिळकवाडीच्या यादीत. गेल्या वेळी गेलो तर नाव सापडेना.

मांडे_आणि_तूप
कन्नडमध्ये शोधायचं वो, नाव तिथंच असतंय.